न आलेली सम

मांडीवर बोटं आपटत बसायची माझी जुनी खोड आहे. गाणं कुठलंही असो, उजव्या हाताचं मधलं बोट आधी मात्रा शोधतं, मग टाळी, खाली आणि शेवटी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे परत येऊन भेटतात. लहानपणी सहा-सात वर्षं तबल्याची पुडी बडवली, त्यातलं हात विसरले तरी बोट विसरलेलं नाही. ड्रेस्डेनमधल्या एका लहानशा चर्चच्या लाकडी बाकावर, जानेवारीतल्या संध्याकाळी, अंगातला कोट न काढता मी बसलो होतो, तेव्हा ते बोट पहिल्यांदा हरलं.

समोर चार माणसं होती. पियानो, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो. क्लॅरिनेट एका पक्ष्यासारखं काहीतरी बोलत होतं, व्हायोलिन दुसऱ्याच पक्ष्यासारखं. चेलोवरून काचेसारखे पातळ, पारदर्शक स्वर येत होते. पियानोवाला मान खाली घालून एकामागून एक स्वरगुच्छ टाकत होता, कधी लांब, कधी आखूड. घाई नाही आणि थांबणंही नाही. मी दहा मोजले, सोळा मोजले, तेराही मोजून पाहिले. जागा सापडल्यासारखी वाटायची आणि पुढच्याच क्षणी पायाखालची फरशी सरकायची. तीनेक मिनिटांत तो भाग संपला, संपला म्हणजे नुसता थांबला. समेवर येण्याचा प्रश्नच कुणी उपस्थित केला नव्हता.

शेजारी बसलेल्या लेकीने हातातला कागद माझ्याकडे सरकवला. "बाबा, हे वाचा. इथे 'देशीताल' असं लिहिलंय." जर्मन मजकुराच्या मधोमध तीन शब्द तिरक्या अक्षरांत छापले होते. रागवर्धन. चंद्रकला. लक्ष्मीश.

मी मराठवाड्यातला. तेव्हाच्या औरंगाबादेत वाढलो, तिथल्याच सरकारी कोषागारात नोकरी केली, आणि शाळेच्या सहलीत दौलताबादच्या अंधारीत वटवाघळांना घाबरून रडलेल्या मुलांपैकी एक आहे. त्यामुळे त्या तीन शब्दांनी माझी काय अवस्था केली ते सांगणं अवघड आहे. ही नावं शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना, देवगिरीला हा ग्रंथ लिहिला गेला. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. आणि शार्ङ्गदेव स्वतः? श्रीकरणाधिप. म्हणजे राज्याच्या हिशेब-दफ्तराचा प्रमुख. पुढे हेमाडपंतांनी जे पद सांभाळलं तेच. आमच्याच खात्यातला माणूस! एवढ्या मोठ्या माणसाशी नातं सांगायला मला दुसरा कुठलाही आधार नाही, म्हणून हा सोडवत नाही.

ग्रंथाचे सात अध्याय. त्यातला पाचवा तालाध्याय, आणि त्यात एकशेवीस देशी तालांची यादी. द्रुत, लघु, गुरू, प्लुत अशी मापं. दोन द्रुतांचा एक लघु, दोन लघूंचा गुरू, तिनांचा प्लुत. वाचताना खरोखर खातेवहीच वाटते. सातशे वर्षांनी ही यादी पॅरिसमधल्या लाविन्याकच्या संगीतकोशात छापली गेली, युरोपीय स्वरलिपीत उतरवून. तिथे ती ऑलिव्हिए मेसियाँ नावाच्या तरुण फ्रेंच संगीतकाराच्या हाती लागली. त्याच्यासमोर टाळी देणारा हात नव्हता, तोंडाने बोल म्हणत पढंत करणारा गुरू नव्हता, ठेका तर नव्हताच. नुसते लांब-आखूड काळांचे तुकडे होते, कागदावर ओळीने मांडलेले. त्याने ते अधाशासारखे उचलले आणि आयुष्यभर वापरले.

ताल फ्रान्सला गेला आणि सम इथेच राहिली, असं मी त्या रात्री लेकीला ट्राममध्ये म्हणालो. थोडं रागानेच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे रागवर्धन वाजवता?" खरं आहे. मीच काय, कुणीच वाजवत नाही. पखवाजियांकडे ब्रह्म, रुद्र, लक्ष्मी अशी तालांची नावं अजून ऐकू येतात. शार्ङ्गदेवाच्या यादीतलं बाकीचं बरंचसं आपण पोथीत ठेवून दिलं. ज्याने काढून वाजवलं त्याच्यावर रागवायचं तर आधी आपला जमाखर्च पाहावा लागतो.

चर्चमध्ये ऐकली ती रचना याच मेसियाँची. तिचं नाव 'काळाच्या अंतासाठी' असं काहीसं, आणि पुढे चार वाद्यांचं म्हणून क्वार्टेट. मराठीत चौकडी म्हणावं तर आधी चांडाळ आठवतात. आठ भाग, जवळपास पन्नास मिनिटं. ती कुठे लिहिली गेली हे बरेच जण जाणतात, तरी सांगतो, कारण मला त्यातले आकडे तपासल्याशिवाय राहवत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. सैन्यात असलेला मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडला. कैद्यांना आधी एका मोकळ्या मैदानात डांबलं होतं. तिथे त्याच्याबरोबर आंरी आकोका नावाचा क्लॅरिनेटवादक होता, अल्जीरियात जन्मलेला ज्यू, आणि एतियेन पास्किए हा चेलोवादक. आकोकाकडे त्याचं वाद्य होतं. मेसियाँने एकट्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेला भाग त्याने त्या मैदानातच पहिल्यांदा वाजवून पाहिला. कागद धरायला स्टँड नाही म्हणून पास्किए स्टँड झाला. आकोका कुरकुरत होता की हे मला कधीच जमणार नाही. आज जगभरचे क्लॅरिनेटवाले तोच भाग परीक्षेला वाजवतात आणि तशीच कुरकुर करतात.

मग सगळ्यांना पूर्वेकडे ग्योर्लिट्झच्या छावणीत नेलं. तिथे जाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक भेटला. कैद्यांनी वर्गणी काढली आणि पास्किए पहारेकऱ्यांबरोबर गावात जाऊन चेलो विकत घेऊन आला. वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्या गल्लीत गणपतीला ढोल घ्यायचा तर जसे पैसे जमतात तसे हे जमले. कार्ल-आल्बेर्ट ब्र्यूल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने कागद, पेन्सिली, खोडरबर पुरवले. पियानो मिळाला तो बेसूर, पट्टी दाबली की वर न येणारा.

पहिला प्रयोग १५ जानेवारी १९४१ ला, सत्तावीस नंबरच्या बराकीत. बाहेर बर्फ. आपल्याकडे संक्रांतीचे दिवस. मेसियाँ पुढे सांगत असे की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. पास्किए शेवटपर्यंत सांगत राहिला की तारा चारच होत्या, तीन तारांवर हे वाजणारच नाही. आणि त्या बराकीत काहीशे माणसांपलीकडे जागा नव्हती. म्हणजे दोन्ही नोंदी चुकीच्या. नोकरीत असतो तर लाल शाईने शेरा मारला असता. पण मला त्यात एक गंमतही वाटते. ज्याच्या संगीतात एकेका सोळाव्या हिश्श्याचा हिशेब चोख, त्या माणसाने स्वतःची गोष्ट सांगताना एवढी फुगवावी! हिशेबनीस घरी आल्यावर थापा मारतो, हे मी आमच्या कार्यालयातही पाहिलं आहे.

त्या भेटीत आम्ही दोघं ग्योर्लिट्झला जाऊन आलो. गाव जर्मनीत, नदीपलीकडे झ्गोझेलेत्स पोलंडमध्ये. मधला पूल चालत ओलांडायचा. छावणीची जागा आता पोलंडच्या बाजूला आहे. झाडं, गवत, स्मारक. मी तिथे उभा राहिलो आणि काही विशेष वाटलं नाही. पाय गारठले होते आणि लेकीला परतीची गाडी गाठायची होती. काय ते नंतर वाटलं, घरी आल्यावर, हेडफोन लावून.

पहिल्या भागात पियानोवर काय चालतं ते असं. शार्ङ्गदेवाचे ते तीन ताल एकापुढे एक जोडले की सतरा काळमापं होतात. हे सतरा संपले की पुन्हा पहिल्यापासून. हे झालं एक चाक. दुसरं चाक स्वरगुच्छांचं. ते आहेत एकोणतीस, तेही संपले की पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही चाकं एकाच वेळी सुरू होतात. सतरा काळ संपतात तेव्हा सतरावा स्वरगुच्छ वाजलेला असतो, मग अठराव्या गुच्छाच्या वाट्याला पहिला काळ येतो. प्रत्येक फेरीत तेच स्वर वेगळ्या लांबीचे होऊन भेटतात.

ज्यांनी थोडाही तबला वाजवला आहे त्यांना हे काय आहे ते कळेल. सोळा मात्रांच्या तीनतालात दहाचा झपताल घालून बघ, असं गुरुजी सांगायचे. ऐंशी मात्रा संपल्या की दोघं भेटतात. शाळेतला लसावि. गंमत भेटण्याची असते. वाजवणारा दूर दूर जातो, ऐकणारा श्वास रोखतो, आणि मग समेवर धा. सगळी सभा मान डोलावते, अनोळखी माणसं एकमेकांकडे पाहून हसतात. आपल्या संगीतातला सगळ्यात सामाजिक क्षण तो.

आता सतरा आणि एकोणतीस. दोन्ही मूळसंख्या. लसावि चारशे त्र्याण्णव. म्हणजे चारशे त्र्याण्णव स्वरगुच्छ वाजल्यानंतरच पहिला गुच्छ आणि पहिला काळ पुन्हा एकत्र येतील. आणि तो भाग त्याच्या निम्म्यापर्यंतही न पोचता संपतो. सम आहे, पण ती वाजणाऱ्या संगीताच्या बाहेर, पुढे कुठेतरी आहे. (चेलोचा हिशेब मात्र जुळतो. त्याचे स्वर पाच आणि काळ पंधरा. पाचाने पंधराला भाग जातो. मला त्या चेलोविषयी आपुलकी वाटते ती यामुळेच असावी.)

हे कळल्यावर मी आधी चिडलो, मग बराच वेळ गप्प बसून राहिलो. कारण मग त्या बराकीतली माणसं डोळ्यांसमोर आली. शिक्षा झालेल्या कैद्याला तारीख माहीत असते, तो भिंतीवर रेघा ओढतो. युद्धकैद्याला तारीख नसते. युद्ध कधी संपेल हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याचा प्रत्येक दिवस कालच्यासारखाच, तरी नेमका तसाच नाही. तोच पाव, तोच रांगेतला उभा वेळ, पण लांबी निराळी. मेसियाँने यावर असं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तो श्रद्धाळू कॅथलिक, त्याला बायबलातल्या शेवटच्या पुस्तकातला देवदूत दिसत होता, 'आता काळ उरणार नाही' असं सांगणारा. आठ भाग का, तर सहा दिवसांत सृष्टी झाली, सातवा विश्रांतीचा, आणि तोच सातवा अनंतात लांबत जाऊन आठवा होतो. हे त्याचं. बिनतारखेचा कैदी हे माझं. पण ते सतरा आणि एकोणतीस ऐकताना मला देवदूत दिसत नाही, रांग दिसते.

सगळ्या रचनेत एकच जागा अशी आहे जिथे माझ्या बोटाला जमीन सापडली. चौथा भाग. पियानो गप्प, बाकीचे तिघं सरळ दोनच्या चालीत ऐटीत चालतात. नंतर कळलं की छावणीत आल्यावर मेसियाँने आधी लिहिलं ते हेच, तीन सोबत्यांसाठी, तेव्हा पियानो मिळालेला नव्हता. म्हणजे सुरुवातीला त्याला मोजता येणारा काळ हवासा वाटला असेल का? मी उगाच जास्त वाचतोय बहुधा. पण सोडून देववत नाही.

त्या माणसाला आणखी एका गोष्टीचं वेड होतं: सुलट वाचा की उलट, सारखीच राहणारी लय. युरोपीय पंडितांनी त्यावर जाडजूड लिहिलं आहे. आपल्याकडे शाळकरी पोरंही 'चिमा काय कामाची' म्हणताना तेच करतात. मधल्या 'य'भोवती दोन्ही बाजू आरशासारख्या. अशा ओळीला पुढे-मागे नसतं, म्हणून तिच्यात काळ पुढे सरकत नाही, असं त्याचं म्हणणं. सहाव्या भागात अशा लयी आहेत. तिथे चारही वाद्यं एकच ओळ एकत्र वाजवतात, साथ नाही, दुसरा सूर नाही. एवढ्या वेळ आपापल्या वाटेने गेलेली चौघं एकदम एका आवाजात बोलायला लागतात. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. उलट अंगावर काटा आला. सात कर्ण्यांचा क्रोधाचा नाच असं त्या भागाचं नाव आहे, आणि ते नाव अतिशयोक्त नाही.

वाजवणाऱ्यांना विचाराल तर कसोटी इथेच आहे. चार व्हायोलिन-कुळातली वाद्यं असतात तेव्हा ती एका घरातली. सगळ्यांना गज, सगळ्यांना तारा, एकमेकांत मिसळणं सोपं. इथे घरंच चार. पियानोचा स्वर हातोडीने जन्मतो आणि जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो. क्लॅरिनेटचा स्वर ऐकू येण्याच्या अलीकडून सुरू होऊन कान किटेपर्यंत फुगवता येतो. तिसऱ्या भागात अगदी तेच करायला लावलं आहे. चेलो, व्हायोलिन आपला स्वर केसभर वरखाली करू शकतात, पियानो नाही करू शकत. म्हणून एकसुरात वाजवायचं तर तिघांनी पियानोकडे जायचं, तो येणार नाही. संगीत नाटकातल्या ऑर्गनबरोबर गाणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे.

असा बेमेळ संच मेसियाँने निवडलेला नव्हता. हाती लागली ती चार माणसं. पण पुढे हा संच जणू ठरवून केल्यासारखा रूढ झाला. १९७३ मध्ये न्यूयॉर्ककडे पियानोवादक पीटर सेर्किन वगैरे चौघांनी 'ताशी' नावाचं पथक काढलं ते मुख्यतः ही रचना वाजवायला. मग जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सुने त्यांच्यासाठी लिहिलं. एका छावणीतली अडचण तीस वर्षांत वाद्यवृंदाचा एक प्रकार झाली. त्याआधी १९१२ मध्ये संगीतकार श्योनबर्गने पाच वादक आणि एक बोलत गाणारा आवाज घेऊन एकवीस कवितांना संगीत दिलं होतं, प्रत्येक कवितेला वाद्यांची जुळणी वेगळी. तिथून हे वारं सुटलं असं सगळे म्हणतात. मी ती रचना तीनदा ऐकली. अजून पचलेली नाही.

त्या नादाने पुढे जे ऐकलं त्यातलं निम्मं मला कंटाळवाणं वाटलं, हे कबूल करतो. पण दोन रचना मनात राहिल्या. एक अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बची, १९७१ ची: बासरी, चेलो, पियानो, तिन्हींचा आवाज विजेवर मोठा केलेला. तिघं वादक काळे अर्धमुखवटे घालून निळ्या उजेडात बसतात. मूळ प्रेरणा देवमाशांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची. बासरीवाला फुंकता फुंकता गातोही, तेव्हा दोन्ही सूर एकमेकांवर घासून तिसरंच काही उठतं. मुखवट्यांचं मला आधी हसू आलं होतं. नंतर दिवा मालवून ऐकलं.

दुसरी जेरार ग्रिझेची, १९९६ मध्ये पुरी झालेली, सहा वादकांची. ग्रिझे मेसियाँचाच विद्यार्थी. त्याने पियानोतल्या चार स्वरांच्या तारा पाव सूर उतरवून घेतल्या. जो पियानो कुणाकडे जात नाही, त्याचेच पाय त्याने थोडे ओढले! मग त्या घरात बाकीचे पाहुणे राहत नाहीत, तोही पाहुणाच होतो. त्यात एकच साहित्य तीन काळांतून जातं: माणसांचा काळ, बोलण्या-श्वासाचा, देवमाशांचा, लांबच लांब पसरलेला, आणि पक्ष्यांचा-किड्यांचा, इतका आकसलेला की कडा पुसल्या जातात. आपण विलंबित, मध्य, द्रुत म्हणतो तेव्हा मोजणारा माणूसच असतो. देवमाशाचं विलंबित कोण मोजणार? माझं बोट तिथे आपोआप थांबलं. या वेळी ते हरलं नाही, त्याने रजा घेतली.

आकोकाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एप्रिल १९४१ मध्ये तो धावत्या गाडीतून निसटला. बगलेत क्लॅरिनेट होतं. ल बुलेरने व्हायोलिन सोडलं आणि नाव बदलून नट झाला. मेसियाँ त्याआधीच सुटला होता. पॅरिसला परत जाऊन १९९२ मध्ये मरेपर्यंत एकाच चर्चचा ऑर्गन वाजवत राहिला. चौघांची सम पुन्हा आली नाही, हे लिहायचा मोह होतोय, पण तो आवरतो.

गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. कपाटात कोऱ्या रोजकीर्दी पडून आहेत, त्यातली एक काढली. डावीकडच्या रकान्यात एक ते सतरा, पुन्हा एक ते सतरा. उजवीकडे एक ते एकोणतीस, पुन्हा एक ते एकोणतीस. ओळी चारशे त्र्याण्णव. तीन दुपारी लागल्या. बायको चहा ठेवायला आली आणि वाकून बघत म्हणाली, "अहो, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, हा कुणाचा हिशेब काढलात?"

मी म्हटलं, देवगिरीच्या यादवांचा.

मग हेडफोन लावला आणि प्रत्येक स्वरगुच्छाला एकेक टिचकी मारत खाली उतरत गेलो. दोनदा चुकलो, पुन्हा वरून सुरुवात केली. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलो. पियानो थांबला तिथे तांबडी रेघ मारली आणि पानं उलटून शेवटची ओळ पाहिली: डावीकडे सतरा, उजवीकडे एकोणतीस. त्याखाली, चारशे चौऱ्याण्णवाव्या ओळीवर, मी पेन्सिलने एक धा लिहिला. वही अजून टेबलावरच आहे. रेघ आणि धा यांच्या मधल्या ओळींवर एकही टिचकी नाही.